डिझेल इंधनप्रणालीतील हवा काढणे

डिझेल इंधनप्रणालीतील हवा काढणे ही डिझेल इंजिनाच्या इंधनमार्गात शिरलेली हवा बाहेर घालवून तो मार्ग पुन्हा इंधनाने भरण्याची प्रक्रिया आहे. तिला प्रायमिंग असेही म्हणतात. गॅरेजच्या बोलीत 'एअर काढणे' हा शब्दप्रयोग रूढ आहे, तर इंधनमार्गात हवा शिरल्यास 'गाडीने एअर घेतली' असे म्हटले जाते. टाकीतील डिझेल पूर्ण संपून ट्रक बंद पडला, तर केवळ नवे डिझेल भरून तो बहुधा सुरू होत नाही. त्यासाठी आधी ही हवा काढावी लागते. ती काढण्याची पद्धत इंधनप्रणालीच्या प्रकारानुसार बदलते. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनाला लागू असलेली पद्धत कॉमन रेल इंजिनावर वापरणे धोकादायक ठरते.

कार्यतत्त्व

डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. सिलिंडरमध्ये दाबून तापवलेल्या हवेत इंजेक्टरद्वारे डिझेलचा फवारा सोडला जातो व ते पेट घेते. फवारा बारीक व्हावा म्हणून इंधनावर मोठा दाब द्यावा लागतो. यांत्रिक पंपाच्या ट्रकमधील इंजेक्टर साधारणतः २०० बारच्या आसपास, म्हणजे वातावरणीय दाबाच्या सुमारे २०० पट दाबाला उघडतो.

एवढ्या दाबाखाली डिझेलचे आकारमान जेमतेम एक ते दोन टक्क्यांनी घटते. त्यामुळे पंपाच्या दट्ट्याची हालचाल जवळजवळ जशीच्या तशी इंजेक्टरपर्यंत पोहोचते. हवा मात्र सहज दबते. नळीत हवेचा बुडबुडा असेल तर दट्ट्या पुढे सरकताना तो आकसतो व मागे येताना पुन्हा फुगतो. इंजेक्टर उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. स्टार्टर इंजिन फिरवत राहतो, परंतु सिलिंडरमध्ये डिझेल जात नाही.

हवा शिरण्याची कारणे

टाकी रिकामी होणे हे सर्वांत सामान्य कारण आहे. घाटात किंवा चढावर उभ्या वाहनात डिझेल टाकीच्या एका बाजूला सरकते. शोषण नळीचे तोंड उघडे पडल्यास टाकीत थोडे इंधन शिल्लक असतानाही हवा ओढली जाते. फिल्टर बदलताना किंवा नळ्या सोडवतानाही हवा शिरते.

टाकी भरलेली असूनही हवा वारंवार येत असेल, तर दोष बहुधा टाकी व फीड पंप यांच्यामधील भागात असतो. या भागातील दाब वातावरणापेक्षा कमी असल्याने चिरलेल्या रबरी नळीतून किंवा झिजलेल्या वॉशरमधून डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत शिरते. गळतीची खूण न दिसल्यामुळे हा दोष शोधणे कठीण जाते. अशा वेळी पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडून बुडबुडे पाहिले जातात.

यांत्रिक पंप असलेली इंजिने

या इंजिनांत फीड पंपावर किंवा फिल्टरच्या डोक्यावर हाताने दाबायचा पंप असतो. टाकीत पुरेसे डिझेल भरल्यावर पुढील क्रमाने हवा काढली जाते :

१. फिल्टरवरील एअर स्क्रू सैल करून हातपंप दाबला जातो. प्रारंभी फेसाळ डिझेल येते. बुडबुडे थांबून अखंड धार लागली की पंप दाबत असतानाच स्क्रू आवळतात.
२. इंजेक्शन पंपावरील स्क्रूपाशी हीच कृती केली जाते. टाकीकडून इंजिनाकडे हा क्रम उलटल्यास मागे राहिलेली हवा पुन्हा पुढे येते.
३. तरीही इंजिन सुरू न झाल्यास इंजेक्टरकडील नळ्यांचे नट किंचित सैल करून स्टार्टर फिरवतात व डिझेल दिसू लागताच नट आवळतात.

इंजिन सुरू झाल्यावर ते काही मिनिटे भार न देता चालू ठेवले जाते, जेणेकरून उरलेले बुडबुडे निघून जातात. शेतीपंपांच्या डिझेल इंजिनांतही हवा काढण्याचे तत्त्व हेच असते. मात्र टाकी उंचावर असल्यास डिझेल आपल्या वजनानेच खाली येते.

कॉमन रेल इंजिने

कॉमन रेल प्रणालीत सर्व इंजेक्टरांना एका सामाईक नळीतून इंधन मिळते. तिच्यातील दाब १,६०० बार किंवा त्याहून अधिक असू शकतो. इंजेक्टर केव्हा उघडायचे हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवतो. रेलमध्ये किमान दाब निर्माण झाल्याशिवाय तो इंधन सोडत नाही.

येथे हवा केवळ कमी दाबाच्या बाजूने, हातपंपाने किंवा टाकीतील विजेच्या पंपाने काढली जाते. उच्च दाबाच्या नळ्यांचे नट सैल करण्यास उत्पादक मनाई करतात. इतक्या दाबाची बारीक धार कातडी भेदून ऊतींमध्ये शिरते. जखम टाचणीएवढी दिसली, तरी ती तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब असते. उपचारास उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागू शकतो.

नवा फिल्टर वरून डिझेल ओतून भरण्याची जुनी सवयही येथे घातक ठरते, कारण न गाळलेल्या डिझेलमधील कण थेट पंपात व इंजेक्टरमध्ये जातात. शिवाय या पंपाचे वंगण डिझेल हेच असल्याने तो कोरडा फिरल्यास त्याचे भाग घासून धातूचे कण सुटतात व संपूर्ण प्रणाली निकामी होऊ शकते.

खबरदारी

स्टार्टर सलग अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक फिरवू नये व दोन प्रयत्नांत त्याला थंड होऊ द्यावे; अन्यथा बॅटरी उतरते व स्टार्टर जळतो. सांडलेले डिझेल पुसून घ्यावे, कारण त्यामुळे रस्ता निसरडा होतो. युरिया द्रावण वापरणाऱ्या बीएस-६ ट्रकमध्ये त्यासाठी वेगळी टाकी असते. घाईत तिच्यात डिझेल ओतले जाणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. वाहन धोकादायक स्थितीत रस्त्यावर सोडणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ नुसार निषिद्ध आहे.

ठाणे परिसरातील संदर्भ

मुंबई–नाशिक महामार्ग, घोडबंदर रस्ता व मुंब्रा वळणरस्ता यांमुळे ठाणे हे अवजड वाहतुकीचे संगमस्थान झाले आहे. न्हावा-शेवा बंदर व गुजरात यांच्यातील अनेक कंटेनर याच मार्गांनी जातात. अवजड वाहनांना शहरात ठरावीक वेळीच प्रवेश असल्याने ती रांगेत थांबतात. घोडबंदर रस्त्यावरील गायमुख घाटात एक ट्रक बंद पडला तरी मागे दूरवर कोंडी होते. त्यामुळे चालकाला एअर काढता येणे ही केवळ त्याच्या सोयीची बाब राहत नाही.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी ज्या वागळे इस्टेटमधील समारंभाने झाली, त्या औद्योगिक वसाहतीत आज कारखान्यांबरोबर माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये आहेत. ठाणे परिवहन सेवेचे आगारही तेथे आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानक लागू झाले. तरी त्याआधीची यांत्रिक पंपाची वाहनेही रस्त्यावर आहेत. परिणामी दोन्ही पिढ्यांची इंजिने एकाच परिसरात दुरुस्तीला येतात. म्हणून कोणताही नट सैल करण्यापूर्वी इंजिन कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखणे, ही हवा काढण्याच्या कामाची पहिली पायरी ठरते.