न पाहिलेले सात ग्रह

अनंतकोटी ब्रह्मांडनायक हे शब्द आपण जयघोषात रोज म्हणतो. मागे एका सप्ताहात याच शब्दांवर निरूपण चाललं होतं. बोलण्याच्या भरात मी म्हणून गेलो, की शास्त्रज्ञांनी एका ताऱ्याभोवतीच्या सात पृथ्व्यांचे फोटो काढलेत, आणि आपले सप्तलोक ते हेच बरं का! टाळ्या पडल्या. कीर्तन झाल्यावर नववीतली एक मुलगी पाया पडायला आली. हळूच म्हणाली, "महाराज, ते फोटो नाहीत. चित्रकारांनी कल्पनेनं काढलेली चित्रं आहेत. ते ग्रह अजून कुणाला दिसलेलेच नाहीत."

मला रात्रभर झोप नाही. ही नारदांची गादी. हिच्यावर उभं राहून मी ऐकीव गोष्ट खरी म्हणून सांगितली. मग जाणकारांना विचारलं, वाचलं, आणि आज ती चूक दुरुस्त करतो.

तर तो तारा. नाव ट्रॅपिस्ट-1. चिलीच्या डोंगरावर बेल्जियमच्या लीज विद्यापीठाची एक लहान दुर्बीण आहे, तिच्यावरून हे नाव पडलं. गंमत म्हणजे ट्रॅपिस्ट हे तिकडच्या ख्रिस्ती साधूंच्या एका पंथाचं नाव, मौनाबद्दल प्रसिद्ध. हा तारा कुंभ राशीच्या दिशेला आहे. तिथून निघालेला उजेड आपल्याकडे पोचायला 40 वर्षं लागतात. म्हणजे आज जो उजेड येतोय, तो या पुढं बसलेल्या आजोबांच्या तरुणपणी निघालेला! तारा एवढा लहान, की आपल्या गुरू ग्रहाहून थोडासाच मोठा. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश तापलेला, याचा जेमतेम तेवीसशे. लालसर, मंद. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

आता तारा दिसेना, मग ग्रह कसे कळले? पाहा, मंडपात हा दिवा लावलाय. लांबून तुम्ही दिव्याकडं बघताय आणि समोरून एक पाखरू गेलं. पाखरू काही दिसलं नाही, पण उजेड किंचित दबला. दर ठरावीक वेळानं तसाच दबला, तर काहीतरी फेऱ्या घालतंय एवढं नक्की. इथं उजेड किती कमी होतो? रुपयातला एक पैसाही नाही! तेवढं त्यांनी टिपलं. मिकाएल जिलाँ आणि त्यांच्या सोबत्यांनी 2016 साली तीन ग्रह सांगितले. मग स्पिट्झर नावाची अवकाशातली दुर्बीण त्या एकाच ताऱ्याकडं जवळजवळ 20 दिवस लावली. आपला विण्याचा पहारा सात दिवसांचा, यांचा तीन सप्ताहांचा म्हणा. 2017 च्या फेब्रुवारीत जाहीर झालं, ग्रह सात आहेत.

सातही आकारानं पृथ्वीच्या आसपासचे. ते खडकाळ आहेत हे कशावरून? तर लयीवरून. आतल्याच्या आठ फेऱ्या होतात तेव्हा दुसऱ्याच्या जवळजवळ पाच. पुढं कुठं तिनाला दोन, कुठं चाराला तीन. मृदंगाचे हिशेबच की! जाता-येता ते एकमेकांना ओढतात, म्हणून कुणी काही मिनिटं लवकर येतो, कुणी उशिरा. त्या पुढंमागं होण्यावरून वजन काढलं. वजन आणि आकार कळला, की आत दगड आहे का वायू ते कळतं.

सगळ्यात आतल्याचं वर्ष दीड दिवसाचं. म्हणजे दर दीड दिवसाला आषाढी! बाहेरच्याचं 19 दिवसांच्या आसपास. इतक्या जवळून फिरणाऱ्या ग्रहाची एकच बाजू बहुधा कायम ताऱ्याकडं राहते. एकीकडं दिवस मावळायचा नाही, दुसरीकडं उजाडायचं नाही. काकडा कुठला आणि शेजारती कुठली?

मंडळी, खरा प्रश्न हवेचा आहे. हवा असेल तर ऊब अंधाऱ्या बाजूलाही पोचते. 2023 मध्ये जेम्स वेब दुर्बिणीनं आतल्या ग्रहाची ऊब मोजली. उजेडाची बाजू सुमारे 230 अंश. ऊब पलीकडं वाहून नेणारी दाट हवा तिथं नाही. दुसऱ्यावरही दाट हवेची खूण मिळाली नाही. असले लहान तारे तरुणपणी फार भडकतात, तेव्हाच हवा उडाली असावी असं म्हणतात.

एकानं मला विचारलं, "महाराज, इथलं पाणी नासलं तर तिकडं जाता येईल?" अहो, व्हॉयेजर यान सेकंदाला 17 किलोमीटर पळतंय. त्या वेगानं तिकडं पोचायला सात लाख वर्षं. इथली चंद्रभागा आधी बघा, बाबा.

आता नजर लागलीय चौथ्या ग्रहावर. पृथ्वीला मिळते त्याच्या साधारण दोन-तृतीयांश ऊब त्याला मिळते. पाणी पाण्यासारखं राहील अशी जागा. पण पाणी आहे असं मी म्हणणार नाही. हवा आहे का हेच अजून ठरायचंय. पाहणी चालू आहे. आणि सप्तलोकांचं म्हणाल, तर ते शब्द मी परत घेतो. सात हा आकडा जुळला, एवढंच.

ती मुलगी आज पुढं बसली असेल तर बाळ, चुकलं काही तर आत्ताच हात वर कर.

बरं, मृदंग घ्या. विठ्ठल विठ्ठल.