बुधवारातील बेदखल

दगडूशेठ हलवाई गणपतीची दर्शनाची रांग, आप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने आणि तुळशीबागेतील उलाढाल यांमुळे जी पेठ सुखवस्तू पुण्याचे आगर म्हणून सर्वतोमुखी झाली, त्याच बुधवार पेठेत, फरासखान्यापासून हाकेच्या अंतरावर, दाणे आळीच्या आसपास देशातील मोठ्या वेश्यावस्त्यांपैकी एक नांदते. आणि तेथील दारिद्र्याचे स्वरूप आपल्या रूढ कल्पनेत बसणारे नाही.

येथे पैसा येत नाही असे नव्हे. तो हाती राहत नाही. गिऱ्हाइकाने दिलेल्यातला मोठा वाटा कुंटणखाना चालविणाऱ्या घरवालीचा. उरलेल्यातून, प्लायवुडचे आडोसे घालून केलेल्या, पलंग मांडल्यावर पाऊल ठेवण्यापुरतीही जागा न उरणाऱ्या खोलीचे भाडे आणि गावी पाठवावयाची रक्कम भागवायची. कर्नाटक, आंध्र, बंगाल वा नेपाळातून आणल्या गेलेल्या कित्येकींचा तर प्रारंभच ऋणातून होतो, कारण ज्या रकमेस त्यांचा सौदा झाला, ती त्यांच्याच खाती मांडली जाते. आजारपण आले की पुन्हा सावकार. बँकेला पत्त्याचा पुरावा हवा, आणि कुंटणखान्यासाठी जागा देणे हाच १९५६ च्या कायद्यान्वये गुन्हा असताना भाडेकरार लिहून देणार कोण?

माणसाची किंमत त्याच्याकडूनच वसूल करण्याची ही रीत राष्ट्रांच्या व्यवहारातही आढळते. कॅरिबियन समुद्रातील हैतीच्या गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळविले; १८२५ मध्ये फ्रान्सने लढाऊ जहाजांच्या धाकाने, मान्यतेचा मोबदला म्हणून, त्यांच्यावर १५ कोटी फ्रँकांची खंडणी लादली. ती पुढे ९ कोटींवर आली खरी, पण तिच्यापायी काढलेली कर्जे फिटावयास १९४७ साल उजाडले. हैतीच्या हलाखीची मीमांसा करणारे भूकंप आणि वादळे मोजतात, ही खतावणी मात्र क्वचितच उघडतात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि दाणे आळीचा व्यवहार एका दिवसात थांबला. ज्यांच्याकडे शिधापत्रिका नव्हती त्यांना सरकारी धान्य मिळेना. या वस्तीत दीर्घकाळ काम करणाऱ्या सहेली संघासारख्या संस्थांवरच मोठी भिस्त होती. २९ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ओळखीच्या पुराव्याचा हट्ट न धरता शिधा देण्याचा हुकूम राज्यांना फर्मावला. महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर दरमहा ५,००० रुपये, आणि शाळकरी मुले असलेल्यांना आणखी २,५०० रुपये मंजूर केले. सर्वोच्च न्यायालयाच्याच मे २०२२ च्या आदेशाने एड्स नियंत्रण यंत्रणेच्या अधिकाऱ्याच्या दाखल्यावर, व्यवसायाची कोणतीही खूण न उमटू देता, आधारपत्राची वाट मोकळी झाली. उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून हे घडले, याचे मोल मला त्या अनुदानाहून अधिक वाटते.

तथापि जुने कर्ज तसेच आहे. २०१४ च्या सावकारी नियमन अधिनियमानुसार बेकायदा सावकारीची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे गुदरता येते. परंतु सौद्याची रक्कम खाती मांडणारी बहुधा घरवालीच असल्याने त्या अर्जात तिचे नाव लिहावे लागते, आणि डोईवरचे छप्पर तिच्याच मर्जीवर असते.