एसीचा पाइप जोडला, पण व्हॅक्यूम केला का?

मी कोड लिहिणारा माणूस, एसी मेकॅनिक नाही. पण घरी स्प्लिट एसी बसवताना मेकॅनिक म्हणाला, "व्हॅक्यूम कशाला? थोडा गॅस सोडून हवा काढतो." मी म्हटलं, थांबा दादा. का थांबवलं, तेच आज सांगतो.

दोन युनिट्सना तांब्याचे दोन पाइप जोडतात. बारीक पाइपातून गॅस आत येतो, जाड्यातून परत जातो. पाइप कापला की त्याचं तोंड खाली धरून कडा साफ करायच्या, म्हणजे कीस आत पडत नाही. मग आधी नट ओवायचा, नंतर तोंड फुलवायचं, म्हणजे फ्लेअर करायचं. उलट केलं तर नट चढतच नाही! नट आधी हाताने फिरवायचा, मग दोन पान्यांनी आवळायचा. सैल राहिला तर गॅस गळतो, जास्त आवळला तर फ्लेअर चिरतो.

आता मुख्य मुद्दा. पाइपात हवा आणि ओलावा असतो. हवेमुळे प्रेशर वाढतं. ओलाव्याने कॉम्प्रेसरच्या तेलात आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसर हळूहळू खराब होतो. शिवाय आर-३२ गॅस काही प्रमाणात ज्वलनशील आहे, आणि त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट धरतात. तो हवेत का सोडायचा?

म्हणून पंपाने व्हॅक्यूम करायचा, पंप बंद करून गेजचा काटा पाहायचा. काटा सरकला तर कुठेतरी गळती किंवा ओलावा आहे. स्थिर राहिला तरच ॲलन कीने व्हॉल्व्ह उघडायचे, आणि जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं.

तेव्हा बुकिंग करतानाच विचारा: "व्हॅक्यूम पंप आणणार ना?"