भास, संशय आणि भीती : तरुणांनी मदत कधी घ्यावी?

छातीत धडधडते, हाताला घाम सुटतो, रात्री झोप येत नाही. त्यातच कधी कुणी नाव घेऊन हाक मारल्यासारखे वाटते, पण वळून पाहिले तर कुणीच नसते. "मला वेड तर लागत नाही ना?" हा प्रश्न मनात येतो. लाजेमुळे तो कुणालाच विचारला जात नाही. असे तुमच्या बाबतीत होत असेल, तर हा प्रश्न डॉक्टरांना लवकर विचारायला हवा.

चिंता आणि सायकोसिस यांत फरक काय?

चिंतेत मन पुढच्या संकटांची कल्पना करत राहते. मात्र आपण गरजेपेक्षा जास्त घाबरतो आहोत, हे बहुतेकदा आतून कळत असते. पॅनिक अटॅकमध्ये जीव जाईल असे वाटते. ही भीती साधारण १० मिनिटांत टोकाला पोचते आणि मग ओसरते.

सायकोसिसमध्ये वास्तवाचे भान सुटू लागते. कुणी नसताना आवाज ऐकू येतात (भास). पुरावा नसताना 'लोक माझ्यावर पाळत ठेवतात' अशी पक्की खात्री होते (भ्रम). बोलण्यातली सुसंगती जाते. हा आजार बहुधा किशोरवयाच्या शेवटी किंवा विशीत सुरू होतो. त्याआधी काही महिने अभ्यासातून लक्ष उडणे, मित्र टाळणे, संशय वाढणे असे बदल दिसू शकतात.

एखादा भास झाला म्हणजे सायकोसिसच झाला, असे नाही. झोप लागताना, सलग जागरणानंतर किंवा तीव्र ताणातही भास होऊ शकतो. उलट, सायकोसिसची सुरुवात नुसत्या चिंतेनेही होऊ शकते. म्हणून स्वतःच निदान करू नका.

शंका आहे तोवर मदत घ्या

"हे खरे आहे की माझ्या मनाचे खेळ?" अशी शंका तुम्हाला अजून येते, ही जमेची बाजू आहे. आजार वाढला की ही शंका संपते आणि भ्रमच खरा वाटू लागतो. मग मदत मागणेही अवघड होते. उपचार जितके लवकर सुरू होतात, तितकी सुधारण्याची शक्यता जास्त असते.

मानसोपचारतज्ज्ञ झोप, ताण, नशा, घरातला इतिहास यांबद्दल विचारतात. थायरॉइडसारखी शारीरिक कारणे नाहीत ना, हेही तपासतात. गरजेनुसार समुपदेशन किंवा औषधे देतात. अँटिसायकोटिक औषधांचे व्यसन लागत नाही. सुस्ती, वजन वाढणे, हातापायांत ताठरपणा असा त्रास झाल्यास डॉक्टरांना सांगा. गोळ्या परस्पर बंद करू नका.

रोज काय करता येईल?

• झोपण्या-उठण्याची वेळ ठरवा. अपुऱ्या झोपेने चिंता आणि भास दोन्ही वाढतात.
• गांजा आणि दारू पूर्ण बंद करा. गांजामुळे सायकोसिसचा धोका वाढतो.
• भीती दाटली की श्वास हळू सोडा. पाय जमिनीवर टेकवून आसपासच्या पाच वस्तूंची नावे घ्या.
• आवाज ऐकू आले तर मोठ्याने वाचा, गुणगुणा किंवा गाणी ऐका. आवाज केव्हा आले, त्याआधी काय घडले, हे लिहून ठेवा.
• विश्वासाच्या एका तरी माणसाला सगळे सांगा. वय १८ पेक्षा कमी असेल तर आईवडिलांना किंवा शिक्षकांना सोबत घ्या.

घरच्यांसाठी

"असले काही नसते" म्हणून वाद घालू नका, हसू नका आणि भ्रमाला दुजोराही देऊ नका. "तुला भीती वाटते आहे हे मला दिसते, आपण मिळून डॉक्टरांकडे जाऊ" एवढे पुरे. बाहेरची बाधा समजून गंडेदोरे करण्यात महिने घालवू नका.

लगेच रुग्णालय गाठा

आवाज स्वतःला किंवा इतरांना इजा करायला सांगत असतील, आत्महत्येचे विचार येत असतील, किंवा दोन-तीन रात्री अजिबात झोप नसेल, तर एकटे राहू नका. जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा किंवा ११२ वर फोन करा.

बोलायचे कुणाशी हे सुचत नसेल, तर केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास उपलब्ध आहे. तिथे मराठीतही बोलता येते. आज एवढा एक फोन केला, तरी उपचारांची सुरुवात झाली.