जनक प्रक्रिया आणि तिचे स्वतंत्र अपत्य

उमरगा तालुक्यातील कन्नडच्या सान्निध्यात बोलल्या जाणाऱ्या मराठीची दीर्घ ध्वनिमुद्रणे संगणकावर तपासावयाची झाल्यास मुख्य आज्ञावली बहुधा ते काम स्वतः करीत नाही. अ‍ॅम्स्टरडॅम येथे बूर्स्मा व वेनिंक यांनी रचलेल्या 'प्राट'सारख्या ध्वनिविश्लेषक आज्ञावलीची निराळी प्रक्रिया ती सुरू करते. काम तासन्‌तास चालते. मध्येच मुख्य आज्ञावली बंद पडली, किंवा विद्यापीठाच्या दूरस्थ संगणकाशी असलेला दुवा तुटला, तर ते विश्लेषण पुढे चालावे, ही अपेक्षा रास्त होय. ती कशी पुरी होते, हे मात्र संगणकाच्या कार्यप्रणालीवर अवलंबून असते.

युनिक्स व लिनक्समध्ये रूढ रीत अशी की, 'फोर्क'ने चालू प्रक्रियेची प्रत निघते आणि 'एक्झेक'ने ती प्रत नव्या आज्ञावलीचे रूप घेते. (फोर्कची कल्पना मेल्व्हिन कॉन्वे यांनी १९६३ मध्ये मांडली.) विंडोजमध्ये प्रत निघत नाही, 'क्रिएटप्रोसेस' नवी प्रक्रिया थेट उभी करते. हा भेद वरवरचा नव्हे. युनिक्समधील अपत्याला प्रत निघणे व रूप पालटणे यांच्या दरम्यान स्वतःचे पाश सोडविण्यास अवसर मिळतो. विंडोजमध्ये ती तजवीज जनकाला आरंभीच सांगावी लागते.

जनक संपला की अपत्यही संपते, हा समज दोन्हीकडे चुकीचा आहे. युनिक्सचे अनाथ अपत्य सामान्यतः क्रमांक १ च्या प्रक्रियेकडे दत्तक जाते. (नातेवाचक शब्दांची ही रेलचेल भाषाभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये.) घात होतो तो सामाईक टर्मिनलमुळे: दुवा तुटताच त्याच्याशी बांधलेल्या प्रक्रियांना समाप्तीची सूचना जाते. म्हणून अपत्याने 'सेटसिड'ने वेगळे सत्र स्थापावे. विंडोजमध्ये 'डिटॅच्ड प्रोसेस' हा निर्देश देऊन जनकाच्या कन्सोलपासून त्याला अलग ठेवावे.

एवढ्यानेही काम भागत नाही. अपत्याचे निष्पादन 'पाइप'मधून जनकाकडे जात असेल, तर जनक गेल्यावर युनिक्सवर पुढच्याच लेखनाला अपत्य सहसा मरते. जनक जिवंत असून वाचीत नसेल, तर पाइप तुंबतो — लिनक्सवर त्याची नेहमीची धारणा ६५,५३६ बाइट — आणि अपत्य निमूटपणे थांबून राहते. हा दोष अधिक फसवा, कारण प्रक्रियांच्या यादीत ते जिवंतच दिसते. यास्तव निष्पादन व त्रुटिसंदेश प्रारंभापासूनच फाइलीत वळवावेत, आणि अपत्याचा क्रमांकही तेथेच नोंदवावा. जनक गेल्यावर त्याला शोधण्याची तीच खूण उरते.