कोंबड्यांच्या शेडमधील उष्णतामापक व विजेचा उपद्रव

गेल्या हिवाळ्यांत कापूरहोळच्या शिवारांत आमच्या पुतण्याच्या शेडमध्यें घडलेला प्रकार वाचकबंधूंच्या उपयोगी पडेल, म्हणून येथें देत आहें. पिलें चार दिवसांचीं होतीं. पहिल्या आठवड्यांत पिलांपाशीं सुमारें ३३ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब राखावी लागते. त्यासाठीं मायक्रोकंट्रोलरचें यंत्र बसविलें होतें. ऊब घटल्यास त्यानें दिवे लावावे, फार वाढल्यास दिवे मालवून पंखा पंधरा मिनिटें चालवावा, अशी योजना. मध्यरात्रीं पाहतों तों दिवे बंद, पंखा चालू, आणि पिलें कोपऱ्यांत एकावर एक चढलेलीं. यंत्रावरील आंकडा ३१ वरून एकदम ८५ वर जाई व पुन्हां उतरे. सकाळपर्यंत सतरा पिलें दगावलीं. सेन्सर बदलला, तिसऱ्या रात्रीं पुन्हां तोच प्रकार. सेन्सर निर्दोष होता. दोष तारांच्या मांडणीचा होता.

८५ हा आंकडा कां येतो? डी. एस. १८ बी २० हा सेन्सर वीज नव्यानें मिळाली कीं पहिलें माप पुरें होईपर्यंत ८५ हाच आंकडा सांगतो. पूर्ण सूक्ष्मतेचें माप घेण्यास त्यास पाऊण सेकंद लागतो. पंपाची मोटर सुरू होतांना नेहमींच्या कित्येक पट प्रवाह ओढते. त्या झटक्यानें सेन्सरची वीज क्षणभर खचते, तो नव्यानें जागा होतो, आणि यंत्र तेवढ्यांत ८५ वाचून पंखा लावतें. जबाबच न मिळाल्यास पुष्कळ यंत्रांत उणे १२७ दिसतें. तें खरें मानल्यास दिवे अखंड जळून पिलें होरपळतील.

उपाय. प्रथम, सेन्सरची वायर मोटरच्या वायरीबरोबर एका पाइपांतून कधीं नेऊं नये. हातभर अंतर ठेवावें, व ओलांडणें भागच असल्यास काटकोनांत ओलांडावी. कारण समांतर तारेंत शेजारच्या विजेचा अंश उमटतो. संदेशाची तार व ऋण तार एकमेकींस पीळ घालून न्याव्या, म्हणजे एका वेढ्यांत उमटलेला अंश पुढच्या वेढ्यांत फिटतो. जाळीची वायर घेतल्यास जाळी यंत्राच्या एकाच टोकास जोडावी. दोन्हीं टोकें जोडल्यास जाळींतूनच प्रवाह फिरूं लागतो.

दुसरें, सेन्सरच्या अगदीं जवळ धन व ऋण तारांमध्यें ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा. संदेशाची तार व धन तार यांमध्यें ४.७ किलोओहमचा रेझिस्टर असल्याची खात्री करावी.

तिसरें, उपद्रव उठतो तेथेंच तो शमवावा. एकदिश विजेच्या रिलेच्या गुंडाळीवर उलट दिशेनें डायोड, व प्रत्यावर्ती विजेच्या कॉन्टॅक्टरवर स्नबर बसवावा. हें काम वीज बंद करून परवानाधारक वायरमनकडूनच करवावें.

चौथें, यंत्रानें एका आंकड्यावर भरवसा ठेवूं नये. महसूल खात्यांत एका पंचाच्या जबाबावर पंचनामा पुरा होत नसे. समजा पांच मापें ३३, ३३, ८५, ३४, ३३ अशीं आलीं. सरासरी ४३.६ येते, म्हणजे पंखा लागणारच. तींच क्रमानें लावून मधलें घेतल्यास ३३ येतें, व तेंच खरें. शिवाय ८५ व उणे १२७ हे आंकडे सरळ टाकून द्यावे, आणि लागोपाठ तसेच आल्यास घंटा वाजावी.

एल. एम. ३५ सारखा सेन्सर असल्यास अधिक जपावें. तो अंशामागें अवघे १० मिलिव्होल्ट देतो. ५ मिलिव्होल्टचा उपद्रवही अर्ध्या अंशाची चूक करतो. आपली वीज सेकंदास ५० आवर्तनांची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचें. तेवढ्या अवधींत सारख्या अंतरानें मापें घेऊन सरासरी काढल्यास विजेची चढउतार बरीचशी फिटते.

परीक्षा. पिलें आणण्यापूर्वीं पंप दहा वेळां चालू-बंद करावा, व प्रत्येक वेळचा आंकडा वहींत टिपून शेजारीं टांगलेल्या साध्या थर्मामीटरशीं ताडून पाहावा. पंपाबरोबर आंकडा उडाल्यास दोष विजेचा, एरवींही चुकल्यास सेन्सरचा. आम्हीं ही परीक्षा सतरा पिलें गेल्यावर केली. वाचकांनीं ती आधीं करावी, एवढीच विनंति.