मी, मी आणि फक्त मीच!

सोमवारची मीटिंग. तीन रात्री जागून प्रेझेंटेशन केलंत तुम्ही, आणि बॉससमोर उभा राहून तो म्हणतो, ‘‘मी असा विचार केला की...’’ ओळखीचं वाटतंय ना?

या स्वभावाला मानसशास्त्रात नार्सिसिझम म्हणतात. सोप्या मराठीत, स्वतःच्याच प्रेमात असणं. पण लगेच त्याला पेशंट ठरवू नका हं! आजार वेगळा, त्याचं निदान डॉक्टरच करतात. स्वभावातली ही छटा थोडीफार आपल्या सगळ्यांतच असते.

आधी हिरो, मग झीरो

पॉलहस या मानसशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये दाखवलं, की अशी माणसं पहिल्या भेटीत छाप पाडतात. सात आठवड्यांनी तोच ग्रुप त्यांना वैतागलेला असतो. २००२ मधल्या वॉलेस आणि बॉमायस्टर यांच्या प्रयोगांत आणखी एक गंमत दिसली. चमकायची संधी असेल तर हे जीव तोडून काम करतात, नसेल तर ढेपाळतात. म्हणजे अवॉर्ड असलं की गडी पेटतो, ज्युनियरला शिकवायचं म्हटलं की गायब!

जंगल कोणी खाल्लं?

२००५ मध्ये कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी एक खेळ मांडला. सगळ्यांचं मिळून एक जंगल. दरवर्षी प्रत्येकाने हवी तेवढी झाडं तोडायची, उरलेलं जंगल पुन्हा वाढणार. ‘मी’वाल्यांनी सुरुवातीलाच जास्त तोड केली आणि सोबत्यांपेक्षा जास्त कमावलं. पण ज्या गटात असे जास्त, तिथलं जंगल लवकर संपलं आणि सगळ्यांचीच कमाई घटली.

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याच्या पोराला हे समजावून सांगावं लागणार नाही. जिल्हा धानाचा आणि तळ्यांचा. इथले माजी मालगुजारी, म्हणजेच ‘मामा’ तलाव सगळ्यांच्या कामी येतात. वरच्या बांधीवाल्याने मनमानी पाणी घेतलं, तर खालच्याचं धान करपतं. मग गाळ काढायच्या वेळी तो कशाला येईल? तुमच्या टीमचंही असंच. आज श्रेय पळवणाऱ्याच्या मदतीला उद्या रात्री कोण थांबणार?

मग करायचं काय?

मिट्जा बाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या स्वभावाच्या दोन बाजू वेगळ्या केल्या: वाहवा मिळवायची धडपड आणि दुसऱ्याला खाली खेचणं. पहिलीचा उपयोग करून घेता येतो, दुसरीला मात्र वेळीच आवर हवा.

* काम कोणाचं, ते सुरुवातीलाच मेलवर येऊ द्या.
* बक्षीस एकट्याला नको, टीमला ठेवा.
* त्याने कोणाला मदत केली, तर चारचौघांत कौतुक करा. वाहवेची भूक तिथेच भागू दे.
* टोमणे सुरू झाले, तर शांतपणे पण तिथल्या तिथे थांबवा.

आणि हो, मागच्या मीटिंगमध्ये आपण स्वतः किती वेळा ‘मी’ म्हणालो, तेही जरा मोजून बघा!